हिराजीनानांचे ओले कागद

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांड्या आहेत. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या आडव्या दोऱ्या. त्यांच्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीने टांगतात आणि कडकडीत झाले की उतरवतात. सगळ्या वलांड्या सारख्याच, पण शेवटच्या वलांडीची खालची दोरी जरा निरखून बघा. बोंबलांच्या रांगेत मधेच कपड्यांचे चिमटे दिसतील आणि चिमट्यांना लटकलेले फुलस्केप कागद. एकावर 'वाकलेल्या खांबाबाबत' असं लिहिलेलं असेल, दुसऱ्यावर रेशनकार्डातल्या नावाचा अर्ज असेल, तिसऱ्यावर कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण. हे सगळे कागद हिराजीनानांचे. नाना लिहितात आणि लिहिलेलं सुकवतात.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांचे कागद पाण्यात पडले असतील. मी तसं म्हणालोही.

"पान्यात न्हाय पडले," नाना म्हणाले. "कालच लिवलेत. ताजं लिवनं ओलंच असतं, पालीकर."

पालीकर म्हणजे मी. माझं नाव वेगळं आहे, पण दहा वर्षांपूर्वी पालीहून येऊन इथे एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं, तेव्हापासून नानांच्या लेखी मी पालीकरच. आधीच सांगून टाकतो की मी भित्रा माणूस आहे. समुद्राला भितो, कुत्र्यांना भितो, साहेबांना भितो आणि साहेबांच्या शिपायांना त्याहून जास्त भितो. टायपिंग करताना लाईट जाईल या भीतीने मी दर ओळीला सेव्ह करतो. नानांचं आणि माझं सूत जमलं ते याच गुणावर. "तू भितोस ते बरं हाय," त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. "भिनारा मानूस कागूद नीट लिवतो. न भिनाऱ्यानं लिवला की कुनाचा तरी घात होतो."

माझ्या भित्रेपणाचं कौतुक करणारा हा जगातला पहिला माणूस. मी लगेच चहा मागवला.

नानांनी सत्तरी ओलांडली आहे. अंगाने बोंबलासारखेच, म्हणजे सुक्या बोंबलासारखे. मच्छीमारांच्या सोसायटीत त्यांनी आयुष्यभर लिहिण्याचंच काम केलं आणि अजूनही कोळीवाड्यात कुणाला काही लिहायचं असलं की तो नानांच्या ओट्यावर येऊन बसतो. त्यांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं खोडरबर असतं. कानावर पेन्सिल असते. शर्टाच्या खिशात एक जुनं शाईचं पेनही असतं, पण त्याचं टोपण पेनाला दोऱ्याने बांधलेलं आहे. जाळं विणायच्या दोऱ्याने, कोळ्याची गाठ मारून. ती गाठ सोडायला पाच मिनिटं लागतात. "घाईत उघडाया नको," एवढंच ते म्हणतात.

लिहिणं कसं करावं याबद्दल नानांची मतं पक्की आहेत, आणि ती ऐकून घेतल्याशिवाय ते कुणाचा अर्ज लिहीत नाहीत. लिहिणं म्हणजे म्हावरं, मासळी. आधी जाळं टाकायचं. समोरचा जे बोलेल ते सगळं उतरवून घ्यायचं, शिव्या आणि खोकल्यासकट. "जाळ्यात काय येल ते येऊ दे. कचरा येल, कुनाची तुटकी चप्पल येल. तू येऊ नको, असं जाळ्याला सांगता येत न्हाय." मग घरी नेऊन निवडायचं. मग पोट काढायचं, आणि कागदाचं पोट म्हणजे राग. तो आत राहिला तर कागद कुजतो, असं नानांचं म्हणणं. त्यानंतर तीन दिवस वलांडीवर. या तीन दिवसांत त्या कागदाविषयी विचारलं की एकच उत्तर मिळतं, "ओलं हाय अजून."

गेल्या वर्षी दत्ता त्यांच्याकडे आला तो तावातावानेच. त्याच्या थोरल्या भावाचा माड याच्या अंगणात वाकला होता आणि पडणारे नारळ कुणाचे यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. दत्ताला वकिलाकडून पाठवतात तसली नोटीस हवी होती. नानांनी जाळं टाकलं, अकरा पानं भरली. त्यात भावाने लहानपणी पळवलेल्या भोवऱ्याचाही उल्लेख होता. निवडल्यावर चार पानं उरली. पोट काढल्यावर अर्धं. तीन दिवस सुकल्यावर जे उतरलं ते असं: 'दादा, नारळ तू घे. पण माझ्या पोरीच्या डोक्यात पडला तर काय करू ते सांग.' दत्ता म्हणाला, यात माझं काहीच राहिलं नाही. नाना म्हणाले, राहिलंय तेवढंच तुझं होतं. भावाने त्याच दिवशी माड उतरवणारा माणूस आणला. बोलणं मात्र अजून बंदच आहे. सगळं एका कागदाने होत नाही.

माझ्या दुकानाच्या पाटीचं तर विचारूच नका. मी लिहून नेलं होतं, 'सर्व प्रकारचे झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, फॉर्म भरणे, प्रो. अमुक तमुक.' तीन वेळा पोट काढून नऊ दिवस ते बोंबलांत लटकलं. दहाव्या दिवशी नानांनी हातात ठेवलेल्या कागदावर फक्त 'झेरॉक्स' होतं. माझं नावसुद्धा नव्हतं. "तू कोन हाईस ते लोकांना आत आल्यावर दिसतंय," ते म्हणाले. मी भिऊन तशीच पाटी रंगवून घेतली, आणि आजवर नावाविना माझं काही अडलेलं नाही.

नानांच्या अर्जांना वास येतो, हे वेगळं सांगायला नको. अलिबागच्या कचेऱ्यांत ते वासावरून ओळखतात. लोकांना वाटतं त्यामुळे कामं अडत असतील, पण उलट आहे. टेबलावर पडून राहिलेला नानांचा अर्ज कुठल्याही साहेबाला दुपारच्या जेवणाआधी नजरेआड करायचा असतो, आणि तो नजरेआड करायचा कायदेशीर मार्ग एकच, सही. वाकलेला खांब आठ दिवसांत सरळ झाला. माझा गुळगुळीत टाईप केलेला, बिनवासाचा अर्ज मात्र तिथेच कुठेतरी दीड वर्ष आहे.

सुकवून झालं तरी काम संपत नाही. सगळ्यात शेवटी ऐकवायचं. कागद ज्याच्याविषयी आहे त्याला तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याने "व्हय" म्हटल्यावरच पेनाची गाठ सोडायची. तो माणूस नसेल तर ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला ऐकवायचं. या नियमाला अपवाद नाही. एकदा कोळीवाड्यात बोंब झाली की गणूआजा गेले. सोसायटीच्या फळ्यावर निधनाची बातमी लिहायचं काम नानांचं. लोक खडू घेऊन दारात आले. नाना म्हणाले, बघितल्याबिगर लिवनार न्हाय. ते गणूआजांच्या उशाशी जाऊन बसले. रडणं चालू होतं, बांबू आणायला माणूस गेला होता. अर्ध्या तासाने गणूआजांनी डोळे उघडून चहा मागितला. त्यानंतर ते तीन वर्षं जगले आणि नानांच्या वलांडीसमोरून जाताना दर वेळी नमस्कार करत.

हसत हसत हे मी सगळ्यांना सांगायचो. मग एक दिवस माझ्या दुकानात मोरेश्वर आला आणि माझं हसणं जरा कमी झालं.

मोरेश्वर हा साठीचा खलाशी. तो दर दोन महिन्यांनी येतो आणि आपण हयात असल्याच्या दाखल्याच्या दहा झेरॉक्स काढून नेतो. एक वरच्या खिशात, एक पाकिटात, एक बायकोकडे. मी विचारलं, इतक्या कशाला? तर म्हणाला, "मी एकदा मेलो होतो ना. परत भ्या वाटतं."

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. बोट समुद्रात जाण्याआधी तिच्यावर कोण कोण आहे याची यादी सोसायटीत द्यावी लागते. ती यादी नाना लिहीत. तेव्हा ते पेन्सिल वापरत नसत, कागद सुकवत नसत आणि पेनाला दोरा नव्हता. झरझर लिहायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या बोटीवर कायम तेच सात जण जायचे, म्हणून नानांनी आदल्या संध्याकाळीच घरी बसून सातही नावं शाईने लिहिली, शिक्का मारला आणि झोपले. पहाटे मोरेश्वरला ताप भरला. बोट एका माणसावाचून अडली. तेव्हा नानांचा मुलगा पद्माकर, जो एरवी अलिबागला रिक्षा चालवायचा, तो मोरेश्वरच्या जागी चढला. यादी बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी वादळ झालं आणि बोट परत आली नाही.

"माझ्या घरी सायेब आले," मोरेश्वर सांगत होता. "तोंड पाडून उभे. मीच तेंना पानी दिलं. ते म्हनाले, मोरेश्वर फार चांगला मानूस होता. मी म्हटलं, व्हय."

हे सांगून तो हसला आणि मीही हसलो, पण झेरॉक्स मोजताना दोनदा चुकलो. आपण जिवंत आहोत हे पटवायला त्याला दोन वर्षं लागली. आणि पद्माकर कुठल्याच कागदावर नव्हता. बाकीच्या सहा घरांनी सुतक पाळलं, तेरावं केलं. नानांच्या घरात काहीच झालं नाही. त्यांची सून सुगंधा कपाळाला कुंकू लावून बाजारात सुकी मच्छी विकायला बसत राहिली. नात रूपाली तेव्हा आठ वर्षांची होती. यादीची दुरुस्ती करा म्हणून लोकांनी नानांना सांगून पाहिलं. जगाचे अर्ज लिहिणाऱ्या या माणसाने तो एक अर्ज लिहिला नाही. लोकांनी ठरवलं की म्हातारा मुलाची वाट बघतो आहे. मीही तेच धरून चाललो होतो आणि त्या विषयाच्या वाटेला जायला भीत होतो.

जायची वेळ आली ती रूपालीच्या लग्नामुळे, आणि त्यात मी गळ्यापर्यंत होतो. रूपाली नागोठण्याकडच्या एका कंपनीत नोकरीला लागली. तिथे तिचं आणि नितीनचं जमलं. नितीन माझ्या मामेभावाचा मुलगा, पालीजवळच्या आमच्याच गावचा. एका घराने जन्मात समुद्र बघितलेला नाही, दुसऱ्याने भातशेती बघितलेली नाही. दोन्हीकडचे लोक बिचकत होते आणि दोघांनाही ओळखणारा म्हणून मधे मला उभं केलं होतं. भित्र्या माणसाने कुणाच्या लग्नात पडू नये. मी पडलो.

सगळं जमत आलं, आणि पत्रिकेवर येऊन अडलं. पत्रिका अर्थातच नाना लिहिणार होते आणि टाईप मी करणार होतो. 'श्री. हिराजी यांची नात व' इथपर्यंत ठीक. पुढे रूपालीच्या बापाचं नाव. त्याच्या आधी 'श्री.' लिहायचं की 'कै.'?

माझा मामेभाऊ बाळाराम पिकअप घेऊन माझ्या दुकानात आला. तो आवाज चढवत नाही, म्हणून मी त्याला जास्त भितो. "हे बघ," तो म्हणाला, "श्री. छापलं तर मांडवात व्याही म्हणून कुणाला मिठी मारू? आणि कै. छापलं तर तिची आई कुंकू लावते, ते कसं, असं आमच्या बाया मला विचारतील. मला दोन्ही चालतंय. पण सोयऱ्याने माणूस हाय का न्हाय एवढं तरी सांगावं. रविवारी मी पत्रिका न्यायला येतो. तोवर ठरलं न्हाय, तर मी समजेन की त्या घरात काहीतरी लपवायचं हाय, आणि मग मला पुढे जाता यायचं न्हाय."

त्याचं चुकत होतं असंही म्हणता येईना. लग्न मोडलं असतं तर मला पालीला तोंड दाखवायची सोय नव्हती आणि रेवदंड्यात राहायची. रूपाली दुकानात येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काका, आजोबांना मी विचारू शकत नाही. नितीनला सोडूही शकत नाही. तुम्ही विचारा ना." मी हो म्हटलं, आणि तीन दिवस वलांडीकडे फिरकलो नाही.

चौथ्या दिवशी गेलो. पत्रिकेचा मजकूर बोंबलांत लटकत होता. तारीख, मुहूर्त, मंडपाची जागा सगळं स्वच्छ. पद्माकरच्या नावाआधी मात्र खोडरबराने कागद इतका घासला होता की पलीकडचा समुद्र दिसत होता.

"नाना," मी म्हणालो, "इथे काय?"

"ओलं हाय अजून."

मग मी भित्र्या माणसाचा मार्ग काढला. तेवढी जागा कोरी ठेवून पत्रिका छापून घेतो, म्हटलं. तुम्ही हाताने लिहा. नानांनी मान डोलावली. तीनशे पत्रिका छापून आल्या, प्रत्येकीत एका अक्षराएवढी मोकळी जागा. तो गठ्ठा दुकानात ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून मी काम करू लागलो.

रविवारी सकाळी मी शटर वर केलं तर नाना पायरीवर बसलेले. मांडीवर कागदांची वळकटी. त्यांनी ती माझ्या पुढ्यात सोडली. सगळे कागद पिवळे, कडक, बोंबलाचा वास मुरलेला. सगळ्यांवर एकच मजकूर, पेन्सिलीने. बोटीचं नाव, सहा खलाशांची नावं, आणि सातवं 'पद्माकर हिराजी'.

"वर्साला एक," नाना म्हणाले. "दर खेपेला परत जाळ्यापासून सुरवात करतो. चौदा झाले. सुकून कडकडीत झालेत."

"मला वाटत होतं तुम्ही त्याची वाट बघताय," मी म्हणालो.

"तो येनार न्हाय ते मला चौथ्याच दिवशी कळलं. समुद्राकाठी जल्मलोय मी." ते वळकटीवरून हात फिरवत होते. "पन एकदा न बगता लिवलं आन माझा पोर यादीतून गळाला. आता परत न बगताच लिवू? तो गेला तवा मी झोपलो होतो, पालीकर. ऐकवू कुनाला? व्हय कोन म्हननार?"

एवढी वर्षं मी त्या माणसाला विक्षिप्त म्हणून गिऱ्हाइकांना हसत सांगत होतो, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"चल माझ्यासंगं," ते म्हणाले. "समुद्राला ऐकवतो. दुसरं कोन हाय. एकट्याला भ्या वाटतं."

नाना असं काही म्हणतील अशी माझी कल्पना नव्हती. मी पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि शटर अर्धवट ओढून त्यांच्या मागे निघालो. ओहोटी होती. वलांडीपाशी सुगंधावहिनी बोंबील उलटत होत्या आणि रूपाली त्यांना हाताखाली मदत करत होती. नानांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते सरळ पाण्याच्या दिशेने वीसेक पावलं चालत गेले. मी समुद्राला भितो, म्हणून वलांडीजवळच थांबलो.

नानांनी कागद उघडला आणि मोठ्याने वाचू लागले. बोटीचं नाव वाचलं. मग एकेक नाव. प्रत्येक नावानंतर ते थांबत होते. सहा नावं झाली. सातवं त्यांनी दोनदा वाचलं, "पद्माकर हिराजी. मोरेश्वरच्या जागी."

मग ते तसेच उभे राहिले. पाणी लांब होतं, वारा पडला होता. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. 'व्हय' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, पण मी काही बघितलेलं नव्हतं आणि नानांच्या नियमात ते बसत नव्हतं. मी गठ्ठा छातीशी धरून तसाच उभा राहिलो.

"व्हय," मागून आवाज आला.

सुगंधावहिनींच्या हातात बोंबलांची जोडी तशीच होती. "व्हय, मामा," त्या परत म्हणाल्या. सासऱ्यांना त्या मामा म्हणतात. "पहाटे गेले. निळा शर्ट होता. मीच डबा भरून दिला, भाकरी आन जवल्याची चटनी. मामांना उठवू नको म्हनाले. बोटीत चढेस्तोवर मी हितंच उभी व्हते."

नाना सावकाश वळले. "तू बगितलंस?"

"बगितलं."

"चौदा वर्सं बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाय."

समुद्रकिनाऱ्यावरच्या सगळ्या माणसांना, गणूआजांच्या उशाशी बसून, नारळाच्या भांडणात, खांबासाठी, "तू डोळ्यानं बगितलंस का" असं विचारत फिरणारा हा माणूस. आणि त्याच्याच घरात, त्याला रोज भाकरी वाढणाऱ्या माणसाला त्याने ते एकदाही विचारलं नव्हतं.

"भ्यालो," नाना म्हणाले. "तू व्हय म्हनशील म्हनून भ्यालो."

"मी बी भ्याले. तुमी इचाराल म्हनून." त्यांनी ओल्या हाताच्या मनगटाने कपाळावर आलेले केस मागे सारले. "तुमी लिवलं न्हाय, मंग मी कुंकू कसं पुसू? लोक म्हनले असते, म्हाताऱ्याच्या आधी हिनंच त्याची आस सोडली."

रूपाली आईला घट्ट धरून उभी होती. "कुंकू पुसायचं नाही हां," ती रडत रडत म्हणाली. "आता मुळीच नाही."

"राहू दे कुंकू," नाना म्हणाले. "माझ्या कागदात ते कुठं हाय."

मग त्यांनी वाळूत बसकण मारली आणि खिशातून पेन काढलं. दोरा जुना होता, गाठ मिठाने आवळली होती. पाच मिनिटांत सुटेना. मी म्हटलं, ब्लेड आणू का? नाना नको म्हणाले. शेवटी सुगंधावहिनींनी पेन घेतलं, दाताने गाठ सैल केली आणि परत दिलं. पेनात शाई नव्हती. ती मी पळत जाऊन दुकानातून आणली.

बाळारामची पिकअप आली तेव्हा आम्ही चौघं वाळूत बसलो होतो. नाना एकेका पत्रिकेवर 'कै.' लिहीत होते, रूपाली ती उचलत होती आणि मी आणि वहिनी दोरीला लावत होतो. शाई खरोखरच ओली होती. चिमटे केव्हाच संपले होते, म्हणून पत्रिका बोंबलांच्या तोंडात अडकवणं चाललं होतं. बाळाराम वलांडीपुढे उभा राहिला. त्याने एक पत्रिका वाचली, मग शेजारची वाचली, मग नानांच्या हाताकडे बघितलं. मी भीतभीत म्हणालो, "वास लागेल रे."

त्याने चपला काढून ठेवल्या, पँटचे पाय दुमडले आणि पत्रिका लावायला लागला. दहा-बारा लावून झाल्यावर म्हणाला, "आमच्याकडे भाताच्या पेंढ्यावर वाळवल्या असत्या." त्याने मनाने हो म्हटल्याचं मला त्यावरून कळलं आणि मला एकदम भूक लागल्याची जाणीव झाली.

दुपारी पत्रिका उतरवल्या. पाकिटांवर नावं घालायचं काम माझं होतं, पण पहिलं पाकीट नानांनी माझ्या हातून घेतलं. देवाचं असेल म्हणून मी दिलं. त्यांनी शाईने लिहिलं, 'श्री. पद्माकर हिराजी'. आतल्या पत्रिकेत तेच नाव 'कै.' होतं. ते मी दाखवायला गेलो नाही. पुढे पत्त्याच्या ओळीवर त्यांनी पेन बंद केलं, कानावरची पेन्सिल काढली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'रेवदंडा, खाडीच्या तोंडाबाहेर.'

"हे सुकलं की शाईने गिरवू का?" मी विचारलं.

"नको," नाना म्हणाले. "ते कुनी बगितलेलं न्हाय. तेवढं ओलंच राहू दे."

मी ते पाकीट वलांडीच्या खालच्या दोरीला लावलं आणि त्याला जागा व्हावी म्हणून दोन बोंबील जरा सरकवले.